घुमटाखालची पुटपुट

कोणी पत्ता विचारला की सविताबाई सुरवाडेंच्या कपाळाला आठी पडायची. जळगावहून पाचोऱ्याच्या रस्त्याला लागायचं, डाळमिल मागे पडली की डाव्या हाताला वळायचं, इथपर्यंत त्या नीट सांगायच्या. पुढचं सांगायला जीभ रेटायची नाही. मग समोरचाच म्हणायचा, "म्हणजे त्या घुमटाच्या घराजवळ का?" आणि सविताबाई म्हणायच्या, "जवळ नाही. तेच."

दोष सगळा भाईदासभाऊंचा. ते म्हणजे सविताबाईंचे यजमान. एसटीच्या वर्कशॉपात बॉडीच्या कामावर त्यांनी तेहतीस वर्षं पत्रा ठोकला. आता माणूस रिटायर झाला की काय करतो? दोन खोल्या बांधतो, वर स्लॅब टाकतो, स्लॅबवर टाकी ठेवतो आणि टाकीवर नातवाचं नाव लिहितो. चारचौघं करतात ते करावं, पाय पसरून बसावं. पण नाही. भाईदासभाऊंनी ऐन साठीत कागदावर एक अर्धा गोल काढला आणि बायकोपुढे धरला. "एसटीची बॉडी कुठे फाटते? कोपऱ्यात. मग कोपराच ठेवला नाही तर फाटेल काय?" एवढा त्यांचा अभ्यास. सविताबाई म्हणाल्या, मला एसटीत राहायचं नाही, घरात राहायचंय. ते त्यांनी ऐकलं नाही.

सात महिने हा माणूस सळया वाकवत होता, वर जाळी बांधत होता, जाळीवर सिमेंट थापत होता. एक मोठा घुमट आणि त्याला मागून चिकटलेला एक लहान. मोठ्यात बैठक आणि स्वयंपाकाचा ओटा, लहानात झोपायचं. शेजारच्या भिकुबाईंनी पहिल्या दिवशी कमरेवर हात ठेवून पाहिलं आणि विचारलं, "हाई घर शे का उलथी पाटी शे वं माय?" सविताबाईंनी हसून साजरं केलं, पण ते वाक्य त्यांच्या काळजात रुतलं ते रुतलंच.

त्यात पहिल्याच वर्षी बुद्धपौर्णिमेच्या सकाळी दारात टेम्पो थांबला. कुठल्या तरी गावच्या बायका पांढऱ्या साड्या नेसून उतरल्या, फाटकाशी चपला काढल्या, हातात फुलं, मेणबत्त्या. त्यांना वाटलं नवा विहार झाला. सविताबाई केस मोकळे सोडून हातात खराटा घेऊन अंगण झाडत होत्या. त्यांना ओशाळल्यासारखं झालं. म्हणाल्या, "जयभीम ताई, पण इथं आम्ही राहतो." आता दारात आलेल्या माणसांना तसंच कसं पाठवायचं? चौदा जणींना चहा केला, आणि घरात कप सहा. भाईदासभाऊ मात्र त्या बायकांना घुमट कसा बांधला ते टेम्पो सुटेपर्यंत समजावून सांगत होते.

आणि आतली तऱ्हा विचारू नका. गोदरेजचं कपाट भिंतीला लावलं तर खाली टेकायचं आणि वर हातभर अंतर राहायचं. त्या फटीत मांजर व्यायली. कॅलेंडर खिळ्याला लटकवलं तर भिंत सोडून अधांतरी झुलायचं, तारीख बघायला त्याला एका हाताने धरावं लागायचं. काम करून दमून भिंतीला पाठ टेकावी तर भिंत आधीच डोक्यावर वाकलेली. फरशी बसवणारा तर तिसऱ्या दिवशी फरश्यांचे तुकडे तसेच टाकून पळून गेला. पावसाळ्यात दोन घुमटांच्या सांध्यातून पाणी ठिबकायचं ते नेमकं तांदळाच्या डब्यावर.

सगळ्यात मोठं दुखणं गच्चीचं. खानदेशात बाई उन्हाळ्यात करते काय? पापड, कुरडया, बिबड्या. आज हिच्या गच्चीवर, उद्या तिच्या. चार जणी पहाटे येतात, ज्वारीचा घाटा हाटतात, बिबड्या थापतात, उन्हात पसरतात, दुसऱ्या दिवशी आपण त्यांच्याकडे जायचं. सविताबाईंच्या हातच्या बिबड्या माहेरी चोपड्यापर्यंत नावाजलेल्या. आणि त्यांच्याच डोक्यावर गच्ची नाही. घुमटावर काय पसरणार? ठेवलं की घसरलं. भिकुबाईच्या गच्चीवर आपली पाटी घेऊन जायचं म्हणजे हाताखाली कामाला गेल्यासारखं वाटायचं त्यांना. कोणी काही बोलायचं नाही, पण सविताबाईंना त्यांच्या डोळ्यांत दिसायचं.

आता खोटं कशाला बोला, घराचे गुणही होते. मे महिन्यात जळगाव तव्यासारखं तापतं, शेजारीपाजारी कूलरपुढे ओली फडकी धरून बसतात, तेव्हा घुमटाखाली साध्या पंख्यावर डोळा लागायचा. दुपारच्याला भिकुबाई "जरा विरजण देता का" म्हणून यायच्या आणि चार वाजेपर्यंत हलायच्या नाहीत. एका जूनमध्ये असं वादळ आलं की आजूबाजूच्या केळी आडव्या झाल्या, डाळमिलचे पत्रे रस्त्यावर आले. घुमटाचा टवकासुद्धा निघाला नाही. भाईदासभाऊ त्या दिवशी अंगणात हाताची घडी घालून असे उभे होते, की सविताबाईंना वाटलं, यांच्यासाठीच हे वादळ मागवलं होतं.

पण हे गुण एका पारड्यात आणि आवाज दुसऱ्या पारड्यात. त्या घरात आवाज मरतच नसे. मिक्सर लावला की डेपोतली गाडी सुरू झाल्यासारखं वाटायचं. चमचा पडला तर तो तीनदा पडायचा. पाहुणे आले की प्रत्येक जण मधोमध उभा राहून एकदा तरी "ओ" करून बघायचा, मग हसायचा. सविताबाईंनी असली किती "ओ" ऐकली, त्याला गणती नाही. माणसं मोठमोठ्याने बोलली तर नुसता कल्ला व्हायचा, कोण काय म्हणतंय कळायचं नाही.

आणि भाईदासभाऊंशी बोलायचं म्हणजे आणखी एक शिक्षा. अंगणातून हाक मारा, ओ नाही. मागच्या खोलीत विचारा, उत्तर नाही. चारदा ओरडलं की मान वर करून "काय?" म्हणायचे. सविताबाईंच्या मते हे सोयीचं बहिरेपण होतं. नळाचं काम सांगितलं की ऐकू येत नाही, जेवायला वाढलं की कसं कळतं? शेवटी त्यांनी यजमानांशी बोलणंच कमी केलं. जे म्हणायचं ते ओट्याशी, भिंतीकडे तोंड करून, पोळ्या लाटता लाटता पुटपुटायचं. छत्तीस वर्षांचं साचलेलं होतं, रोज थोडं थोडं बाहेर पडायचं. भाईदासभाऊ समोरच्या भिंतीशी, अगदी दाराच्या वाटेत खाट टाकून पेपर वाचत बसलेले असायचे. ती खाटही सविताबाईंच्या पायांत यायची. दहा वेळा सांगून झालं की ती तिथून हलवा. ती काही हलली नाही.

उलट हा माणूस घरात नसते उद्योग करत बसायचा. एकदा काय तर भिंतीच्या बाकाला जुळेल अशी वाकडी मांडणी ठोकली. एकदा सांध्यावर डांबर ओतलं. एका उन्हाळ्यात घुमटाच्या बाजूला अंगणात बांबूचा उंच माचा उभा केला, वर जाळी ताणली, म्हणाले, "टाक बिबड्या." सविताबाई म्हणाल्या, रिकामपणी भिंतीला तुंबड्या लावायची हौस, दुसरं काय. बिबड्या त्या माच्यावर चांगल्या वाळल्या, ते त्या बोलल्या नाहीत.

तर अशी सहा वर्षं काढल्यावर चोपड्याकडचे प्रेमराज पाटील एक दिवस गाडी थांबवून आत आले. त्यांना रस्त्यालगत फॅमिली हॉटेल काढायचं होतं. मधोमध उभं राहून त्यांनी "ओ" केलं आणि जागा पसंत पडली. पैसे चांगले देत होते. सविताबाईंना तर आभाळ ठेंगणं झालं. मुलगी संघमित्रा धुळ्याला नर्स होती, देवपुरात तिचा फ्लॅट होता, शेजारचाच एक फ्लॅट विकाऊ होता. सरळ भिंती, वर गच्ची, शेजारी लेक. आणखी काय पाहिजे?

सही सविताबाईंचीच लागणार होती, कारण घर त्यांच्या नावावर होतं. चार वर्षांपूर्वी भाईदासभाऊंना काय सुचलं कोण जाणे, एका मंगळवारी त्यांना रजिस्ट्रीच्या ऑफिसात नेऊन त्यांनी बक्षीसपत्रच करून टाकलं होतं. सविताबाईंनी तेव्हा विचारलं होतं, हे कशाला? ते म्हणाले, असू दे. आता त्यांनी विचारलं, "विकू ना?" भाईदासभाऊ खाटेवरून म्हणाले, "तुनं घर शे. तू ठराव." एवढंच. भांडतील, रुसतील, निदान जेवणार नाहीत, अशी सविताबाईंची तयारी होती. ते मुकाट्याने जेवले.

संघमित्रा फोनवर म्हणाली, "आई, सही करायच्या आधी महिनाभर इथं राहून बघा." प्रेमराज पाटीलही थांबायला तयार झाले. कुलूप लावून दोघं धुळ्याला आले.

पहिले चार दिवस सविताबाई स्वर्गात होत्या. कपाट भिंतीला चिकटून उभं होतं. कॅलेंडर सरळ होतं. कोपऱ्यात झाडू उभा करून ठेवला तर तो उभा राहत होता. त्या नुसत्या त्या झाडूकडे बघून सुखावल्या. स्वयंपाक करता करता नेहमीसारखं पुटपुटायच्या आणि आवाज तिथल्या तिथे विरायचा.

पाचव्या दिवशी त्यांनी चहाचं विचारलं. भाईदासभाऊ दोन हातांवर खुर्चीत होते. उत्तर नाही. परत विचारलं. तिसऱ्यांदा विचारल्यावर ते म्हणाले, "हो, बंद केला." काय बंद केला ते त्यांनाच ठाऊक. दुसऱ्या दिवशी सविताबाई खाली गेल्या होत्या, तर पेपर वाचत बसलेल्या भाईदासभाऊंच्या हाताशीच कुकरच्या अकरा शिट्ट्या झाल्या, डाळ जळून कोळसा झाली. आणि शनिवारी तर कहर झाला. सविताबाई भाजी घेऊन तीन जिने चढून आल्या, दारावरची बेल दाबली, दार वाजवलं, हाका मारल्या. शेजारच्या दोन्ही घरांची दारं उघडली, आपलं उघडलं नाही. पाऊण तास त्या जिन्यात मेथीच्या जुडीशेजारी बसल्या. संघमित्रा ड्युटीवरून आली तेव्हा कुलूप उघडलं. भाईदासभाऊ आत टीव्हीसमोर जागे बसलेले होते.

सविताबाईंनी मग काही बाकी ठेवलं नाही. इतक्या ओरडल्या की खालच्या मजल्यावरचा माणूस बघायला आला. भाईदासभाऊ त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले, ओठ कुठे जातात ते बघावं तसे. संघमित्राने बापाच्या मागे जाऊन कानाशी टाळी वाजवली. त्यांनी मान वळवली नाही. ती म्हणाली, "आई, ओरडू नकोस. ह्यांना ऐकूच येत नाहीये."

कानाच्या डॉक्टरांनी यंत्र लावून तपासलं. दोन्ही कानांचं ऐकणं फार कमी झालं होतं. पत्रा ठोकून ठोकून असं होतं, म्हणाले. किती वर्षं झाली, विचारलं. डॉक्टरांनी ते कागदावर लिहून विचारलं, म्हणून भाईदासभाऊंना कळलं. ते म्हणाले, "आठ-नऊ." डॉक्टरांनी एक मशीन कानात घालून पाहिलं. भाईदासभाऊंनी तोंड वाकडं केलं. "भांडी ऐकू येतात, माणूस येत नाही." सवय झाली तर थोडा फरक पडेल, पण फार आशा ठेवू नका, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं.

सविताबाई म्हणाल्या, "डॉक्टर, खोटं बोलतायत हे. घरी यांना ऐकू येतं. मी विचारते ते खाटेवर बसून उत्तर देतात." बोलता बोलता त्या थांबल्या. खाटेवर बसून. ओट्यापाशी मी असताना. बाकी कुठे? अंगणात नाही, मागच्या खोलीत नाही, लग्नाकार्यात नाही. त्यांनी आठवून आठवून बघितलं. कुठेच नाही.

बाहेर बाकड्यावर बसल्यावर त्यांनी यजमानांच्या कानाला तोंड लावलं आणि विचारलं, "घरी कसं ऐकू येतं मग?"

भाईदासभाऊ गुन्हा कबूल करावा तसे म्हणाले, "तठे आवाज भिंतीवरून फिरत येतो. तू ओट्याजोडे हळू बोललीस की समोरच्या भिंतीशी जसाच्या तसा उतरतो. मोठ्याने बोललीस तर फुटतो. मी सगळीकडे खाट टाकून पाहिली. तेवढ्या एका जागी माले बठ्ठं ऐकू येस."

"बठ्ठं? सगळंच?"

"बठ्ठं."

सविताबाई मनात एकेक दिवस मोजायला लागल्या. सहा वर्षं. सहा वर्षं त्या ओट्याशी काय काय बोलल्या होत्या. फटीत मांजर व्यायली त्या दिवशी बोलल्या, आणि पंधरवड्यात वाकडी मांडणी झाली. तांदूळ भिजले तेव्हा बोलल्या, डांबर आलं. भिकुबाईच्या गच्चीवर मान खाली जाते म्हणून पोळ्या लाटता लाटता रडल्या होत्या, आणि माचा उभा राहिला. या माणसाला अंगणातली हाक ऐकू येत नव्हती आणि ते रडणं ऐकू आलं होतं. आणि आपण म्हणालो, तुंबड्या लावतोय.

पण त्याहून वाईट एक होतं. चार वर्षांपूर्वी ऐन पावसाळ्यात ते दोन दिवस पडत्या पाण्यात घुमटावर चढून काहीतरी लिंपत होते, तापाने फणफणले होते, आणि त्यांचा काढा करताना सविताबाई संतापाने बोलल्या होत्या. म्हणाल्या होत्या, हा माणूस गेला ना, की तिसऱ्या दिवशी हे घर पाडीन, एक वीट ठेवायची नाही. वीट तर त्या घरात नव्हतीच. पण बोलल्या होत्या. आणि पुढच्याच मंगळवारी, ताप उतरताच, रजिस्ट्री.

"तेसुद्धा ऐकलं?" त्यांनी विचारलं. कोणतं, ते सांगावं लागलं नाही.

"हा," भाईदासभाऊ म्हणाले. "म्हणूनच कागद केले. पाडाले तुनं नाव पाहिजे ना. नाहीतर पोरीच्या सह्या, वारसाचा दाखला, तुले फिरफिर झाली असती."

हे त्यांनी रागाने म्हटलं असतं तर बरं झालं असतं. टोमणा मारला असता तरी चाललं असतं. ते सरळ सांगत होते, गॅसचं कार्ड कुठे ठेवलंय ते सांगावं तसं. सविताबाईंना त्या क्षणी त्यांचा इतका राग आला की डोळ्यांत पाणीच आलं. माणसाने एकदा तरी उलटून बोलावं. एकदा तरी म्हणावं, सविता, मला ऐकू येतंय, जरा तोंड सांभाळ. पण म्हटलं असतं तर त्या गप्प झाल्या असत्या. आणि त्या गप्प झाल्या असत्या तर या माणसाच्या कानावर दिवसभरात एकही शब्द पडला नसता. शिव्या तर शिव्या, पण बायकोचा आवाज. हे त्यांच्या ध्यानात आलं तेव्हा त्या बाकड्यावरून उठून उगाच पाणी प्यायला गेल्या.

महिना भरायच्या आत दोघं जळगावला परतले. संघमित्राने मोडता घातला नाही. तिने मशीन घेऊन दिलं, आणि रोज दोन तास लावायचं असा हुकूम सोडला.

ठरल्याप्रमाणे रविवारी प्रेमराज पाटील बयाणा आणि कागद घेऊन आले. सविताबाईंनी त्यांना पाणी दिलं, चहा दिला आणि सांगितलं, "घर विकायचं नाही."

प्रेमराजभाऊ चक्रावले. "अहो वहिनी, तुम्हीच तर म्हणत होत्या, या घरात राहायची सोय नाही."

"नाहीच आहे," सविताबाई म्हणाल्या. "कपाट बसत नाही, पाणी गळतं, चमचा पडला की कानठळ्या बसतात. बाई माणसाने राहावं असं या घरात काही नाही. तुमच्या हॉटेलालासुद्धा मी सांगितलं नसतं. भाव वाढवून मागत नाहीये मी, तसं समजू नका."

"मग अडचण काय?"

"अडचण काही नाही. विकायचं नाही." भला माणूस, चहा संपवून गेला. त्याला काय कळलं असेल ते असो.

गाडीचा आवाज गेला. भाईदासभाऊ फाटक लावून आत आले, खाटेवर बसले आणि त्यांनी पेपर उघडला. तो कालचाच होता. सविताबाई ओट्याशी उभ्या राहिल्या. कणीक मळलेली होती, तवा तापत होता, आणि सहा वर्षांत पहिल्यांदा त्यांना पुटपुटायला काही सुचेना. कसं सुचणार? आता भिंतीशी बोलणं उरलंच नव्हतं. हक्काची एक जागा होती मन मोकळं करायची, तीही या माणसाने खाट टाकून घेतली होती. त्यांनी एक पोळी लाटली, भाजली. दुसरी लाटली. मग भिंतीकडे तोंड करून, अगदी खालच्या आवाजात, छत्तीस वर्षांत जे कधी तोंडातून निघालं नव्हतं ते म्हणाल्या.

"माझं चुकलं."

त्या थांबल्या. पोळी करपायला लागली. शेवटी त्यांनी वळून पाहिलं. भाईदासभाऊंनी पेपर खाली केला होता आणि ते त्यांच्याकडेच बघत होते.

"काय म्हनलीस?" ते म्हणाले. "ऐकू नही उनं."

तो माणूस त्या खाटेवर बसून पहिल्यांदा खोटं बोलत होता, हे सविताबाईंना त्याच्या तोंडावरून दिसत होतं. त्यांनी गॅस बारीक केला, परत भिंतीकडे तोंड केलं आणि पुन्हा एकदा म्हणाल्या.